तुळशीतला बल्ब

मी करंटला भिते. हे आमच्या वाडीत लहानथोर सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्यावरून माझी जी काही टिंगल व्हायची ती होऊन गेली आहे. फ्रिज उघडायचा तर मी आधी पायात चप्पल घालते. मिक्सरचं बटण ओल्या हाताने दाबत नाही. हात पदराला पुसायचा, कोरडा झालाय का बघायचा, पुन्हा एकदा पुसायचा, मग दाबायचं. विजा चमकायला लागल्या की घरातल्या सगळ्या पिना काढून टाकते, मग मॅच चालू असो नाहीतर मालिका. नवरा म्हणतो, "तू लाइट वापरतंस काय तिची पूजा करतंस?"

हसा बापडे. मी जे बघितलंय ते तुम्ही बघितलेलं नाही.

माझं माहेर बांद्याकडचं. शाळेत होते, पावसाळ्याचे दिवस होते, वडील मला घ्यायला आले होते. वाटेत खांबाला ताण दिलेली तार असते ना, तिच्याजवळ शेजारणीची गाय चरत होती. आमच्या डोळ्यांदेखत ती गाय खाली बसली. पडली नाही, बसली. मग एका कुशीवर कलंडली आणि तिचे पाय ताठ झाले. शेजारीण ओरडत धावली तिच्याकडे, आणि माझ्या वडिलांनी, जे कधी परक्या बाईकडे मान वर करून बघायचे नाहीत, त्यांनी तिला मागून मिठी घालून धरलं. ती त्यांना बुक्के मारत होती, चावत होती. वडील एकच म्हणत होते, "लागलेल्याक हात लावूचो नाय गो. आधी लाइन बंद, मगे माणूस." गाईच्या अंगावर खरचटल्याचीसुद्धा खूण नव्हती. तोंडात गवत तसंच होतं. ते गवत मला अजून दिसतं.

तर लग्न होऊन मी इकडे समुद्राकाठी आले. घरात आम्ही तिघं: नवरा, सासू आणि मी. मुलगी शिकायला बाहेरगावी. नवऱ्याची रिक्षा आहे, आणि मागच्या अंगाला दोन खोल्या बांधल्यात त्या पर्यटकांना देतो. घर माडांत आहे. खारा वारा इतका, की नवीन खिळा ठोकला तर पुढच्या वर्षी तो लालभडक होतो. बल्बच्या होल्डरलासुद्धा इथे आयुष्य नाही.

गेल्या वर्षी तुळशीच्या लग्नाआधी नवऱ्याच्या डोक्यात आलं, खळ्यातली, म्हणजे घरापुढच्या अंगणातली, जुनी तुळस पाडून नवी बांधायची. जुनी म्हणजे चिऱ्याची, सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने बांधलेली, एका अंगाला जराशी कललेली. पर्यटक फोटो काढतात, बरं दिसत नाही, म्हणाला. सासू म्हणाली, "तुळशीक घाव घालूचो नसता रे." तो हसत म्हणाला, "आये, घाव नाय घालणंय, तिका नवीन घर बांधतंय." आणि पिकाव उचलली. सासू त्या दिवशी जेवली नाही. दार लोटून आत बसली आणि प्रत्येक घावाला तिच्या तोंडून बारीक आवाज निघत होता, तो मी चुलीकडे बसून ऐकत होते.

नवी तुळस सिमेंटची झाली. वरून खालपर्यंत गुळगुळीत टाइल्स, समोर कोनाडा. आमच्याकडे वाऱ्यामुळे पणती टिकत नाही, म्हणून कोनाड्यात छोटा बल्ब बसवला. वायर पडवीतल्या बोर्डापासून खळ्याखालून नेली. पाइप थोडा कमी पडला, तेव्हा वायरमनने पुढची वायर तशीच मातीत पुरली आणि जोडाला काळी टेप गुंडाळली. मी तिथेच उभी होते, अर्थातच चप्पल घालून.

"पाणी गेला तर?" मी विचारलं.

"वयनी, ह्या टेपेर समुद्र इलो तरी काय होवचा नाय," तो म्हणाला. सगळे हसले.

आता आमच्या बोर्डात मीटरच्या पुढे एक रुंद बटण आहे. घरात कुठे करंट गळायला लागला, भिंतीत म्हणा, जमिनीत म्हणा, नाहीतर माणसात, की ते बटण आपोआप खाली पडतं आणि सगळ्या घराची लाइट जाते. वायरमन त्याला ट्रिपर म्हणतो. मी त्याला राखणदार म्हणते. इथे प्रत्येक जागेला एक राखणदार असतो, त्याला नारळ ठेवतात, तसा हा घराचा. त्याला नारळ तेवढा मी ठेवलेला नाही, पण रोज येता-जाता एकदा त्याच्याकडे बघते.

पावसाळ्यात तो बऱ्याचदा पडला. पण पावसात मुळात लाइट असतेच कुठे? पाऊस आहे, पडणारच, म्हणून आम्ही सोडून दिलं. दसरा झाला, आकाश लख्ख झालं, ऊन भाजायला लागलं, जमीन कोरडी ठणठणीत झाली, तरी तो पडतच होता. आणि रोज सकाळीच. खट्ट आवाज व्हायचा आणि मी चप्पल शोधायला लागायचे.

सकाळची वेळ आमच्याकडे सगळ्या गोष्टींची एकदम. नवरा विहिरीचा पंप लावतो. सासूची आंघोळ, म्हणजे गिझर. माझं मिक्सरवर नारळाचं वाटप. त्यामुळे पहिला संशय पंपावर. पंप काढून दुरुस्तीला दिला, माणूस म्हणाला यात काही नाही. मग गिझर. सासूला चुलीवरचं पाणी द्यायला लागले, तरी खट्ट. मग माझ्या मिक्सरवर आळ. मी हट्टाने आठवडाभर पाट्यावर वाटलं, दंड भरून आले, तरी खट्ट.

त्याच सुमाराला सासूने माझ्या हातातला तांब्या काढून घेतला.

हे सांगायला हवं, कारण मला ते फार लागलं होतं. लग्न झाल्यावर दुसऱ्या दिवशी तिनेच माझ्या हातात तो तांब्या दिला होता. तेव्हापासून तुळशीला पाणी मी घालायचे. मी घाईची बाई. ओतलं, हात जोडले, की आत पळायचे, चुलीवर काहीतरी असायचंच. मागून सासू सावकाश यायची, दोन्ही तळवे ओल्या तुळशीवर ठेवायची, कपाळ टेकायची. हा आमचा ठरलेला क्रम. आणि दसऱ्यानंतर एका सकाळी मी तांब्या भरून निघाले तर ती दारात उभी.

"दी हंय. आजपासून मी घालतंय."

"कित्याक?"

"घालतंय म्हणजे घालतंय. तू चुलीकडे बग. आणि तुळशीकडे जाव नको, सांगान ठेवतंय."

जाऊ नको? मी? मी काय कोणी परकी? मला इतका संताप आला, की त्या दिवशीची भाकरी करपली आणि मी ती तशीच तिच्या ताटात वाढली. तिने ती शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली, त्याचा आणखी राग आला. आमचं दोघींचं तसं कधी गुळपीठ नव्हतं, पण अधूनमधून एकमेकींना टोमणे मारून का होईना, बोलणं चालायचं. आता तेही बंद झालं. रोज सकाळी ती तुळशीपुढे उभी राहून ओठ हलवत गाऱ्हाणं घालायची. खूप वेळ. मी खिडकीतून बघायचे आणि मला खात्री होती की गाऱ्हाणं माझंच आहे. सून अशी, सून तशी, उलट बोलते, भाकरी करपवते. सांग म्हटलं, सांग तुझ्या तुळशीला.

एके दुपारी नवऱ्याने मनावर घेतलं. जेवण झाल्यावर बोर्डावरची सगळी बटणं खाली पाडली आणि एक-एक वर करायला लागला. मी घरभर फिरून ओरडायचं: पंखा लागला, फ्रिज लागला. स्वयंपाकघर, खोल्या, पंप, एसी, न्हाणीघर, शेवटी तुळशीतला बल्बसुद्धा लावला, विझवला, परत लावला. ट्रिपर ढिम्म. सगळं शहाण्यासारखं चाललं होतं. नवरा म्हणाला, "बगलंस? काय नाय." दुसऱ्या दिवशी सकाळी पंप बंद, गिझर बंद, मिक्सर फडताळात, आणि खट्ट.

मी म्हटलं, घरात काहीतरी आहे. तो म्हणाला, ट्रिपरच नासलाय.

वायरमन आला. बोर्ड उघडून नाक खाजवलं आणि म्हणाला, "ट्रिपर वीक झालो. नवीन मालवणात गावतलो, सांगून ठेवतंय. तवसर डायरेक्ट करतंय."

"डायरेक्ट म्हणजे?"

"म्हणजे तो मधी येवचो नाय. पडूचो नाय, काय नाय."

"आणि खरोखरच करंट गळत असलो तर?"

"गळता खंय, वयनी? सगळा तपासलास ना तुमी?"

मी नवऱ्याकडे बघितलं. दिवाळीच्या सुट्टीसाठी दोन्ही खोल्या ठरल्या होत्या. त्याचा जीव तिकडे. "पावणे इले आणि एसी बंद पडलो तर ते माझी वरात काढतले," तो म्हणाला.

"मरांदेत ते पावणे! माणसापेक्षा एसी मोठो काय?"

"कोण मरता हंय? उगीच अशुभ बोलां नको." मग वायरमनकडे वळून, "कर रे तू. ती भियाणीच आसा."

त्याने केलं. दोन वायरी काढल्या, एकमेकींना जोडल्या. राखणदार बोर्डात तसाच बसून राहिला, पण नुसता दिखाव्याला.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. आधी खट्ट आवाज झाला की घाबरायचे. आता तो आवाज येत नव्हता म्हणून घाबरायला लागले. सकाळी त्या वेळेला हातातलं काम थांबवून कान देऊन उभी राहायचे. काही नाही. फ्रिजची घरघर, माडांची सळसळ, बस. पण जे रोज गळत होतं ते एका रात्रीत गळायचं थांबलं का? ते गळतच असणार. फक्त आता सांगणारं कोणी नाही. घरात कुठेतरी, कुठल्या तरी भिंतीत, नळात, कडीत ते बसलंय आणि कोणाचा तरी हात लागायची वाट बघतंय. मी कडी उघडताना बोटं मागे घ्यायचे. नळ पदराने फिरवायचे. चप्पल घालून देवघरात गेले म्हणून सासूने पहिल्यांदा इतक्या दिवसांनी माझ्याशी तोंड उघडलं, ते ओरडण्यासाठी. नवऱ्याचा टेस्टर घेऊन, लाकडी पाटावर उभं राहून, मी घरातल्या भिंती तपासल्या. दुपारच्या वेळी. काही दिसलं नाही.

सासूचंही काहीतरी बिनसलं होतं. जेवण तुटलं होतं. बसल्या जागी उजव्या हाताने डावा हात चोळत राहायची, मग डाव्याने उजवा.

"हात कित्याक चोळतास, आई?" मी न राहवून विचारलं.

"थंडी वाजता."

आणि बाहेर उकाडा असा, की पदर घामाने चिकटला होता. म्हातारपण, म्हटलं. आणि मनात असंही आलं, की बरं झालं, भोग. देवा, असं आलं होतं मनात.

मग ती सकाळ. नवरा पहाटे कुडाळ स्टेशनला भाडं घेऊन गेला होता. अजून पुरतं उजाडलं नव्हतं. मी तांदूळ धुऊन, तसेच ओले हात घेऊन पडवीत आले, टाकीत पाणी आहे की पंप लावायचा ते बघायला. बोर्ड माझ्या खांद्याशी. समोर खळ्यात सासू, अनवाणी, ओलेत्या केसांनी, तांब्या घेऊन तुळशीपुढे.

तिने पाणी घातलं. टाइल्सवरून पाणी खाली ओघळलं, बुडाशी मातीत जिरलं. आणि कोनाड्यातला बल्ब पेटला.

पूर्ण नाही. मंद. विझत आलेल्या निखाऱ्याएवढा, पांढुरका. मी आधी नुसती बघत राहिले. सासूने बटण लावलं असेल, असं मनात आलं. पण बटण तर माझ्या नाकासमोर होतं, आणि ते बंद होतं. मी ते डोळे फाडून बघितलं. बंद. पंप बंद. मिक्सर बंद. बटण बंद. आणि पाणी पडल्याबरोबर बल्ब आपोआप पेटलेला.

आम्ही दुपारी तपासलं होतं. दुपारी तुळशीला कोण पाणी घालतं?

सासूने तांब्या खाली ठेवला. गाऱ्हाण्याला ओठ हलायला लागले. आता ती तळवे ठेवणार, आणि मग कपाळ.

"आई! हात लाव नकात!"

सासूचे कान जड. तिला ऐकू गेलं नाही. माझे पाय खळ्याकडे निघाले होते, खरंच निघाले होते, एक पाय पायरीवर होता. आणि त्या क्षणी मला वडिलांच्या हातात धडपडणारी ती बाई दिसली, गाईच्या तोंडातलं गवत दिसलं. आधी लाइन बंद. मी मागे फिरले. मेनचा दांडा बोर्डाच्या वरच्या अंगाला, लोखंडी पेटीत. हातावरून तांदळाचं पाणी ठिबकत होतं. पुसायला वेळ नव्हता. आयुष्यात ज्या वस्तूला मी कोरड्या हातानेसुद्धा बोट लावलं नव्हतं तिला ओल्या मुठीत धरलं आणि सगळा जोर लावून खाली ओढलं.

फ्रिज थांबला. बल्ब विझला.

मी धावले. सासू तुळशीला कपाळ टेकून वाकलेली होती, दोन्ही तळवे टाइल्सवर, आणि हलत नव्हती. ती नमस्कारात आहे की चिकटून राहिली आहे, ते मला कळेना. लाइन बंद केली होती, मीच केली होती, तरी तिच्या खांद्याकडे नेलेला माझा हात वितीवर थांबला. पुढे जाईना. आयुष्यभर इतकी भ्यायले, पण तशी कधी भ्यायले नाही.

मग सासूने सावकाश डोकं वर केलं. तळव्यांकडे बघितलं. आणि स्वतःशीच म्हणाली, "आज बेगीन शांत झाली."

"कोण शांत झाली?" मी किंचाळले.

ती दचकली. "बोंबलतंस कित्या? आणि तुका सांगलंय मा, हंय येव नको म्हणान?"

"आई, कोण शांत झाली?"

"ती." तुळशीकडे मान केली. "दसऱ्यापासून रागान आसा. पाणी घातला की दिवो आपसून पेटता. आधी लुकलुकान विझा होतो, आता तसोच रवता. हात लावलो की मुंग्ये येतत, पार कोपरापर्यंत. आता चार दिवस तर दातांतसुदा कळ जाता. आज बेगीन सोडल्यान."

मी तिथेच खळ्यात बसले.

"आणि तुमी कोणाक सांगूक नाय?"

"काय सांगतलंय? माझ्या झिलान तिका घाव घातल्यान. ती कोपतलीच." तिने तांब्या उचलला, पदराने पुसला. "सांगलंय असतंय तर तो हसलो असतो."

"मगे हात कित्याक लावत रवलास? रोज?"

"गाऱ्हाणा घालूचा तर हात लावक नको? काय चुकला-माकला आसात तां माझ्या पदरात घाल, घरातल्या कोणाक लाव नको, असा सांगी होतंय तिका. तिचो राग कोणीतरी घेवक व्हयो." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू घाईत पाणी घालतंस, तुझा लक्ष नव्हता. बल्ब पयलो पेटलो तो तुझ्या समोर. मी मागून बगलंय. म्हणान दुसऱ्या दिवशी तांबयो काढून घेतलंय."

मग मी भांडले. दुसरं मला येतंच काय! खळ्यात बसून, रडत, नाक पुसत मी तिला वाटेल ते बोलले. मेलात असतात, म्हटलं. कपाळ टेकलेलं असताना मेलात असतात आणि आम्हाला वाटलं असतं नमस्कार चाललाय. तुळस नाही रागावली, वायरमन गाढव आहे. करंट आहे तो, आई, करंट! ती तांब्या पुसत ऐकत होती. मला वाटलं पटलं. तर म्हणते कशी, "इतकी काळजी, तर माका सोडून बटणाकडे कशी धावलंस? मी बगलंय वाकताना."

तेव्हा तिला मी गाईची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत कधी सांगितली नव्हती. लागलेल्या माणसाला धरलं तर धरणाराही जातो, दोघं मिळून जातात, म्हणून आधी लाइन आणि मग माणूस, हे तिला दोन-दोनदा समजावलं. जीव तुटत असला तरी हात लावायचा नाही. तिने विचारलं, "पोटच्या पोराकसुदा नाय?" मी म्हटलं, नाही. तिने पदर खोचला. मग म्हणाली, "उठ, भात लाव."

नवरा आला तेव्हा घरात लाइट नव्हती आणि आम्ही दोघी पडवीत बसून होतो. मी त्याला मेनच्या दांड्याला हात लावू दिला नाही. वायरमनला बोलावलं, आणि तुळशीच्या बुडाशी खणायला लावलं. ती समुद्राला न घाबरणारी टेप हातात भिजल्या कागदासारखी सुटून आली. आतली तांब्याची तार हिरवी पडली होती. आणि बटण त्याने भलत्याच वायरीवर बसवलं होतं. बटणाने बल्ब विझायचा, करंट मात्र रात्रंदिवस तुळशीपर्यंत जाऊन उभा असायचा, आणि बूड भिजलं की बल्ब पेटवत ओल्या मातीत उतरायचा.

"वायच उलटा झाला, वयनी," तो म्हणाला.

"वायच? मेल्या, ह्या म्हातारेक विचार किती वायच तां!"

तो मान खाली घालून कामाला लागला. ट्रिपर चांगलाच होता, त्याला काही झालं नव्हतं. तो परत जोडून घेतला. बल्ब, होल्डर, खळ्याखालची वायर सगळं उपटून काढलं. नवरा ते वेटोळं हातात घेऊन कितीतरी वेळ उभा होता. मग आईजवळ गेला आणि तिचे तळवे उलटे करून बघायला लागला, तिथे काही दिसणार नव्हतं तरी. "आये," एवढंच म्हणाला. तिने हात सोडवून घेतले. "चाय घे," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाऊन बाहेर आले तर सासू दारात उभी, हातात भरलेला तांब्या.

"घे. तुझा काम तू कर."

मी तांब्या घेतला. खळ्यात गेले. वायर नाही, बल्ब नाही, कोनाडा रिकामा, राखणदार जागेवर. सगळं मला माहीत होतं, सगळं माझ्याच डोळ्यांसमोर झालं होतं. तरी तुळशीपुढे उभी राहिले आणि हात पुढे जाईना. पाणी ओतायचं, ते पायांच्या अंगठ्यांवर येणार. मी मागे वळून बघितलं. आत पळावं असं वाटत होतं.

सासू मागे आलीच होती. अनवाणी. माझ्या बाजूला येऊन उभी राहिली आणि तिने माझं कोपर धरलं. चांगलं घट्ट, बोटं रुततील असं.

"आई, सोडा," मी म्हटलं. "काल सांगलंय मा तुमका? लागला तर दोघींका लागतला."

"माका म्हायत आसा," ती म्हणाली. "घाल तू पाणी."

तिने कोपर सोडलं नाही. मी पाणी घातलं.